पाहुण्यांचं ताट

लीलाधर भंगाळेच्या घरी काठाला वेलबुट्टी असलेलं स्टीलचं एक ताट होतं आणि ते फक्त पाहुण्यांसाठी होतं. एरवी ते फळीवर उभं असायचं. महिन्या-दीड महिन्यातून लीलाधर पुण्याहून अमळनेरला आला, की त्याची मुलगी हर्षाली खुर्चीवर चढून ते ताट खाली काढायची, फ्रॉकला पुसायची आणि त्याच्यापुढे मांडायची. तिला आणि तिच्या आईला रोजच्या चेपलेल्या थाळ्या. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. जो पिशवी घेऊन येतो, दोन दिवस राहतो आणि पिशवी भरून निघून जातो तो पाहुणा, एवढं पहिलीतल्या पोरीलाही कळतं. त्याची बायको लता हसायची. लीलाधरही हसायचा, पण त्या ताटात तो कधी दुसऱ्यांदा वाढून घेत नसे.

लता अमळनेरच्या एका शाळेत शिकवायची. दोन वर्षं टेम्पररी काढून कायम झाली होती. कायम झालेली मास्तरकी सोडून पुण्याला जा, असं तिला सांगायची छाती माहेरात कोणाची नव्हती, सासरात नव्हती आणि खुद्द लीलाधरचीही नव्हती. तो स्वतः पुण्यात एका कंपनीत प्रोग्राम लिहायचा. दुसऱ्यांच्या कारखान्यांचे पगार, दुसऱ्यांच्या बँकांचं व्याज. कामात तो पक्का होता. त्याचा प्रोग्राम एकदा चालू झाला की परत उघडावा लागत नाही, असं त्याचे साहेब म्हणायचे, आणि या एका वाक्यावर तो महिनोन्महिने काढायचा. पण अशा माणसाला अमळनेरात काम देणार कोण? त्र्याण्णव साली अख्ख्या खानदेशात कॉम्प्युटर ते किती, आणि त्यातले मखमली कव्हराबाहेर आलेले किती.

म्हणून धुळ्याच्या एका सहकारी बँकेची जाहिरात पेपरात आली तेव्हा लतानं ती कापून पाकिटातून पुण्याला धाडली. 'सिनियर सॉफ्टवेअर इंजिनियर पाहिजे.' बँकेत ज्युनियर एकही नव्हता, मग हा सिनियर कोणाचा, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. लीलाधरला पडला नाही. त्याला एवढंच दिसलं, की अमळनेरहून धुळं म्हणजे एसटीचा तास-सव्वा तास. सकाळी डबा घेऊन निघायचं, दिवेलागणीला घरात. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते उगाच नाही.

त्यानं अर्ज केला. अर्जात शिक्षण लिहिलं, आठ वर्षांचा अनुभव लिहिला, कोणत्या मशिनवर कोणत्या भाषेत काय काय केलं ते लिहिलं. वर नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव नशिराबाद, हे रिवाजाप्रमाणे. पंधरवड्यात बोलावणं आलं. लता म्हणाली, बघा, अनुभवाला किंमत आहे अजून. लीलाधरलाही तसंच वाटलं.

जानेवारीतला शनिवार होता. लतानं पांढरा शर्ट इस्त्री करून दिला होता. निघताना हर्षालीनं विचारलं, तुम्ही आता कधी येणार. त्यानं सांगितलं, संध्याकाळीच. तिचा विश्वास बसला नाही. बाप पिशवी न घेता निघाला, हेच तिला चमत्कारिक वाटत होतं.

बँक धुळ्याच्या देवपुरात, पांझरेचा पूल ओलांडला की उजव्या हाताला. वरच्या मजल्यावर एक काचेची खोली आणि बाहेर चपलांचा ढीग. बूट काढा, असं शिपायानं सांगितलं. लीलाधरनं काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता, तो त्यानं दुमडून घेतला. आत एसी घुंघुं करत होता, आणि मधोमध टेबलावर लाल मखमलीखाली कॉम्प्युटर होता. मखमल सरकवली तर पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक. कीबोर्डाच्या फटींत दिवाळीच्या पूजेच्या अक्षता अडकलेल्या. बाजूला नारळ, त्याला कोंब फुटायला आलेला. कॉम्प्युटरवर काम काय चालतं असं त्यानं विचारलं, तेव्हा शिपाई प्रामाणिक निघाला. म्हणाला, उन्हाळ्यात डायरेक्टर लोक दुपारी इथं पडतात, गार असतं.

इथंच माणसानं बूट चढवून घरी जायचं असतं. पण लीलाधरच्या मनात उलटंच आलं. त्याला वाटलं, इथं सगळं पहिल्यापासून करायला मिळेल, चांगलंच आहे. आशा माणसाला किती लाचार करते, याचा हा पहिला पुरावा.

उमेदवार तिघं यायचे होते, आले दोघं. दुसरा नाशिकचा, टाय लावलेला. मॅनेजरनं दोघांना फुलस्केप कागद दिले आणि प्रश्न दिला. बचत खात्यावरचं सहामाही व्याज काढायचा प्रोग्राम लिहा. लीलाधरच्या हातचा हा मळ. पण हातचा मळ म्हणून त्यानं तो उरकला नाही. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरायची, हे तर कोणीही लिहील. खातं महिन्याच्या मध्येच उघडलं तर? मध्येच बंद झालं तर? व्याजाचा दर सहामाहीत मध्येच बदलला तर? खातेदार वारला आणि वारसाचा अर्ज पडून राहिला तर? एकेक शक्यता धरून तो लिहीत गेला. आणि वाचणाऱ्याला प्रोग्रामची कोबोल भाषा येत नसेल, हे ओळखून समासात मराठीतून टिपाही लिहिल्या, की ही ओळ कशासाठी, ही का. अक्षर मोत्यासारखं. दोन तास मान वर केली नाही. हे कागद कोणीतरी वाचणार, वाचताना मान डोलावणार, असं त्याच्या मनात चित्रच तयार झालं होतं. टायवाल्यानं अर्ध्या तासात पान भरून दिलं आणि तो पेपर वाचत बसला.

कागद मॅनेजरनं गोळा केले, टाचणी लावली आणि खाली नेले. मग चहा आला. मग कोणीच आलं नाही. एक वाजून गेल्यावर मगन नावाचा बँकेचा जीपवाला वर आला आणि म्हणाला, चला, चेअरमनसाहेब मळ्यात आहेत, तोंडी तिकडंच होणार आहे. टायवाल्यानं भुवई उंचावली. लीलाधरनं बूट घातले.

मळा गावाबाहेर चार-पाच मैलांवर. कापूस वेचून झालेला, उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधाला लागलेले. आंब्याखाली सतरंज्या टाकून बँकेचं डायरेक्टर मंडळ पसरलं होतं. कोणी पत्ते कुटत होतं, कोणी बनियनवर लोळत होतं, एकाच्या घोरण्यानं तर कावळे उडत होते. मधोमध लोडाला टेकून चेअरमन अभिमन आबा. अंग भरलेलं, टोपी बाजूला काढून ठेवलेली, बोटांत अंगठ्या. सतरंजीच्या कडेला पाटीभर वांगी, भरिताची, हिरवी-पांढरी, पोसलेली. पुऱ्या तळायला दोन बायका बसल्या होत्या. थोडक्यात, भरीत पार्टी होती. खानदेशात थंडी पडली की सोयरिकी, तिकिटं, कर्जं, बदल्या सगळं या वांग्यांवरच ठरतं, हे लीलाधरला चांगलं माहीत होतं. इंटरव्ह्यूही त्यातच बसवलेला असेल, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

दोघं उभे राहिले. बसा असं कोणी म्हटलं नाही. आबांनी टायवाल्याला गाव विचारलं. तो म्हणाला नाशिक. आबांनी मान वळवली आणि लीलाधरला विचारलं. तो म्हणाला, मूळचा नशिराबादचा, जळगावजवळ. पुढचा प्रश्न अनुभवाचा असणार होता आणि त्याचं उत्तर त्यानं बसमध्ये घोकून ठेवलं होतं.

"जळगावना माणूस शे," आबा पत्तेवाल्यांना म्हणाले. "मंग आज भरीत ह्यानाच हातनं."

सगळे हसले. चेष्टा असेल म्हणून लीलाधरही हसला. पण मगननं पाटी उचलून त्याच्या पायाशी आणून ठेवली होती. टायवाल्यापुढे लसणाच्या गड्ड्या आल्या. टायवाल्यानं लसणाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि नाशिकची गाडी गाठायची आहे असं सांगून तो सडकेकडे चालायला लागला. त्याला कोणी थांबवलं नाही. एक डायरेक्टर एवढंच म्हणाला, की त्याला मिजास फार आहे.

त्याच्यामागोमाग निघायचं. दहा पावलांवर सडक होती. लीलाधरच्या पायांना ते कळत होतं. पण डोळ्यांपुढे ताट होतं, काठाला वेलबुट्टी असलेलं. एक दुपार, फक्त एक दुपार, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि बाह्या दुमडल्या.

त्याला भरीत येत नव्हतं असं नाही. तेच तर दुखणं होतं. त्याचा बाप सुपडू हा नशिराबादेत भरितासाठी नावाजलेला. चार बिघे केळी होती, पोटापुरतं होतं, कोणाच्या दारात जायची गरज नव्हती. पण थंडी पडली की आमदार, व्यापारी, सोसायटीचे चेअरमन, कोणाकोणाचे निरोप यायचे, आणि सुपडूभाऊ बडगी, म्हणजे भरीत कुटायची लाकडी परात, खांद्यावर टाकून निघायचा. धुरात बसायचा, वांगी सोलायचा, कुटायचा, वाढायचा, आणि सगळ्यांचे ढेकर झाले की बुडाशी लागलेलं खाऊन यायचा. मोठी माणसं आपल्याला नावानं ओळखतात, याचाच त्याला आनंद. लीलाधर लहानपणी बरोबर जायचा. एका मळ्यात बापाला कोणीतरी 'ए भरीत' अशी हाक मारलेली त्यानं ऐकली होती, आणि बाप 'जी' म्हणून धावला होता. त्या दिवसापासून त्यानं अभ्यास धरला. लोक म्हणायचे, सुपडूचं पोरगं हुशार. हुशार कसलं, त्याला त्या धुराची शिसारी होती.

आणि आता तो उकिडवा बसून वांग्यांना तेल लावत होता, टोचे मारत होता, पऱ्हाट्या रचत होता. हातांना काही विसरलेलं नव्हतं. त्याचाच त्याला राग येत होता.

पऱ्हाट्या नुकत्याच उपटलेल्या, अजून ओलसर होत्या. काडी लावली तरी नुसता धूर. मगननं पाहिलं, जीपकडे गेला आणि कागदांची चळत घेऊन आला.

"वल्ल्या शेत त्या," तो म्हणाला. "हाई कागद ल्या."

वरच्या कागदाला टाचणी होती. टाचणीखाली मोत्यासारखं अक्षर होतं. समासात मराठीतून टीप होती, खातेदार मयत असल्यास व्याज कुठवर धरायचं त्याची. कागदाला घडीसुद्धा पडलेली नव्हती. मॅनेजरनं खाली नेले ते थेट जीपमध्येच टाकले असणार. कोणी एक पान उलटलं नव्हतं. वाचलं आणि कळलं नाही, असंही नव्हे. वाचलंच नव्हतं.

लीलाधर म्हणाला, "हा माझा पेपर आहे."

मगनला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त भूक लागली होती. लोडावरून आबांनी विचारलं, काय अडलं. मगननं सांगितलं, साहेबांचा कागद आहे म्हणतात.

"कागदले काय चाटानं शे?" आबा म्हणाले. "पेटाड भो. लोके भुक्या शेत."

सगळी सतरंजी लीलाधरकडे पाहत होती, रागानं नाही, नुसतीच, वांगी कधी भाजतील म्हणून. त्यानं वरचं पान सुटं केलं, चुरगळलं, पऱ्हाट्यांच्या खाली खुपसलं आणि काडी ओढली. स्वतःच्या हातानं. पान कडेनं काळं पडत गेलं, मग समास गेला, मग ओळी गेल्या. दुसरं पान घातलं. तिसरं घातलं. टायवाल्याचंही घातलं. पऱ्हाट्यांनी पेट घेतला आणि सतरंजीवरून कोणीतरी शाबास म्हणालं. त्याला आबांची किळस आली, मगनची आली, वांग्यांची आली, पण सगळ्यांत जास्त आपल्या हातांची आली. नाही म्हणायला एक क्षण लागतो आणि तो क्षण त्यानं काडीपेटी शोधण्यात घालवला होता.

पुढचं सगळं हातांनी केलं. वांगी फिरवली, साल काळंठिक्कर झाल्यावर काढली, सोलली. मिरच्या भाजल्या, लसूण भाजला. लसूण सोलायलाही तोच, कारण लसणाचा उमेदवार नाशिकच्या गाडीत बसला होता. बडगीत घालून कुटलं, शेंगदाणे टाकले, कांद्याची पात टाकली. पांढऱ्या शर्टावर डाग पडले. धुरानं डोळे चुरचुरत होते, ते एक बरं होतं, कारण त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. मग पंगत बसली आणि वाढायलाही तोच फिरला. मिटक्या ऐकल्या, बोटं चाटताना पाहिली. घोरणारा उठून दोन माणसांचं जेवला. लीलाधरला शेवटी, पुऱ्या संपल्यावर, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, अर्धी भाकरी आणि बुडाचं लागलेलं भरीत मिळालं. त्यानं ते मगनपुढे सरकवलं.

हात धुवून आबांनी त्याला जवळ बोलावलं. तेव्हाही, लाज वाटते सांगायला, तेव्हाही त्याच्या मनात आलं, की आता विचारतील. काय काम केलं, किती माणसं हाताखाली होती, बँकेचं काम किती दिवसांत उभं करशील.

"तुना बापनं भरीत आम्ही लई खायेल शे," आबा म्हणाले. "सुपडूभाऊ. काय हात व्हता त्याना. तुना अर्जवर त्यानं नाव दखं, आनि मी मॅनेजरले म्हनं, बाकीनं जाऊ दे, ह्याले बलाव. सोमवारपाईन ये. थंडीमा शनवारले पाव्हना येतस आपलाकडे, तेवढं ध्यानमा ठेव."

म्हणजे बोलावणं आठ वर्षांच्या अनुभवाला नव्हतं. ते वडिलांच्या नावाच्या रकान्याला होतं. बापाच्या ज्या धुरापासून तो पुण्यापर्यंत पळाला, त्या धुरानंच त्याला बरोबर हुडकून आणलं होतं. लीलाधरनं सांगितलं, की सोमवारी कळवतो. आबांना ते विचित्र वाटलं. नोकरी दिल्यावर कळवायचं काय असतं? पण ते पान चघळत होते, त्यामुळे बोलले नाहीत.

मगननं त्याला स्टँडवर सोडलं. एसटीत शेजारी बसलेल्या एका नऊवारीतल्या बाईनं दोनदा नाक ओढलं आणि आपुलकीनं विचारलं, "भरीत खाई उनात का भाऊ?" त्यानं मान हलवली. ती म्हणाली, वास लई झकास येतोय. पारोळा रोडला लागेपर्यंत ती आपल्या भावाच्या मळ्यातल्या वांग्यांबद्दल सांगत होती. तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि मनात पक्कं केलं, की नाही. नाही जायचं. पुणं बरं. पाहुणा तर पाहुणा, पण माणूस म्हणून जेवतो तरी.

घरी पोचला तेव्हा दिवे लागले होते. हर्षाली धावत आली, त्याच्या कमरेला बिलगली, आणि लगेच मागे सरली. पप्पा, तुम्हाला धुराचा वास येतोय, म्हणाली. तो मोरीवर गेला. साबणानं हात धुतले, परत धुतले, राखेनं घासले. वास जाईना. लता टॉवेल घेऊन मागे येऊन उभी राहिली. शर्टावरच्या डागांकडे तिनं पाहिलं आणि विचारलं, काय झालं.

त्यानं सगळं सांगितलं. एक गोष्ट लपवली नाही. मखमल, अक्षता, वांगी, टायवाला, आणि कागद. कागदाचं त्यानं दोनदा सांगितलं. त्याची अपेक्षा होती, की लता चिडेल, त्या मेल्यांना चार शिव्या घालेल, म्हणेल की बरं झालं, असल्या ठिकाणी पाऊलही टाकू नका.

लतानं विचारलं, "नोकरी दिली ना पण?"

लीलाधर उसळला. दिली, म्हणाला, पण कशासाठी दिली ते ऐकलंस ना? माझं काम त्यांनी माझ्याच हातानं जाळायला लावलं, आणि मी जाळलं. यापेक्षा जास्त किळसवाणं माणसाला काय करावं लागतं, सांग तू मला.

लता मोरीच्या उंबऱ्यावर बसली. तिनं टॉवेलची घडी केली, उलगडली, परत केली. ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता.

"मी कायम झाले त्याच्या आधीचे दोन उन्हाळे तुम्हाला आठवतात? सुट्टीत मी माहेरी गेले नाही. शाळेचं काम आहे म्हणून सांगितलं होतं."

आठवत होतं.

"संस्थेच्या सेक्रेटरींच्या घरी बिबड्या करायला जात होते. त्यांच्या मुलीचं लग्न होतं एका वर्षी, दुसऱ्या वर्षी मुलाचं. टेम्पररी बायांना बोलावतात. न बोलवता गेलं तर आणखी चांगलं."

बिबड्या म्हणजे ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे पापड. पीठ गरम असतानाच हातानं कपड्यावर पसरावं लागतं, गार झालं की बसत नाही. लीलाधरला तिचे तळवे आठवले. मे महिन्यात तो आला होता तेव्हा सालं निघालेली होती. त्यानं विचारलं होतं, काय गं हे. ती म्हणाली होती, नवीन साबण लागला. त्यानं साबण बदल असं सांगितलं होतं आणि विषय संपवला होता.

"सेक्रेटरींच्या बायकोनं मोडक्या होत्या त्या मला दिल्या," लता म्हणाली. "त्याच डब्यात भरून तुम्हाला पुण्याला दिल्या."

तेही त्याला आठवलं. पुण्याच्या खोलीतले चौघं मिळून तळून खायचे. वाहवा करायचे. डबा संपल्यावर त्यानं लताला पत्रात लिहिलं होतं, की बिबड्या फक्कड, पण सगळ्या तुकडे कशा झाल्या, एसटीवाल्यांनी आपटल्या काय. फार मोठा विनोद केल्यासारखा हसला होता लिहिताना. आता आली ती किळस दुपारसारखीच होती, पण या वेळी आबा नव्हते, मगन नव्हता, ती ढकलायला कोणीच नव्हतं.

तू मला तेव्हा सांगितलं का नाहीस, असं त्यानं विचारलं.

"तुम्ही सोड म्हणाला असतात," लता म्हणाली. "सोड म्हणायला काय लागतं." टॉवेल त्याच्या हातात देत ती म्हणाली, "जायचं नसेल तर जाऊ नका. मी जा म्हणत नाही. पण किळस आली म्हणून गेला नाहीत असंच म्हणा. आमच्यासाठी गेला नाहीत, असं म्हणू नका."

ती उठून चुलीकडे गेली. हर्षालीनं खुर्ची ओढली होती. ती फळीवरचं ताट काढत होती.

सोमवारी लीलाधरनं पुण्याला राजीनामा धाडला आणि तो धुळ्याला गेला. काचेच्या खोलीबाहेर त्यानं बूट काढले, नारळ फेकला, कीबोर्ड उलटा करून अक्षता झटकल्या, आणि जाळलेला प्रोग्राम परत पहिल्या ओळीपासून लिहायला घेतला. कोणीही, काय चाललंय, असं विचारलं नाही. शनिवारी दुपारी खाली जीपचा हॉर्न वाजला. पहिल्यांदा त्यानं ऐकलं नाही असं केलं. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उठला. पाहुणे कोणी जिल्हा पातळीवरचे होते. त्यातल्या एकानं पंगतीतून हाक मारली, भरीतवाले, इकडे जरा. लीलाधर गेला.

दर शनिवारी संध्याकाळी तो मोरीवर राखेनं हात घासायचा. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी तो जेवायला बसला तर हर्षालीनं त्याच्यापुढे थाळी ठेवली. काठ चेपलेली, तिची आणि लताची होती तशीच. ठेवून ती आपल्या थाळीपाशी जाऊन बसली, काही झालंच नाही अशी. वेलबुट्टीचं ताट फळीवर उभं होतं.

याच थाळीसाठी त्यानं काडी ओढली होती. लतानं भाकरी वाढली, भाजी वाढली, आणि कडेला एक तळलेली बिबडी ठेवली, अख्खी. त्यानं उचलली तेव्हा बोटांना धुराचा वास येत होता. त्यानं तिचे दोन तुकडे केले आणि एक लताच्या थाळीत ठेवला.